बिनभोकाची डिकी

आमच्या आत्याबद्दल गॅरेजच्या गल्लीत सांगतात की ती ड्रिल मशीनला घाबरते. का घाबरते, ते मात्र दुकानागणिक बदलतं. बॅटरीवाला म्हणतो, तिने एकदा डिकीत भोक पाडताना पेट्रोलची टाकी फोडली आणि अख्खी गाडी पेटली. काचेला फिल्म लावणारा म्हणतो, छे, गाडी नाही पेटली, बोट गेलं. "कुठलं बोट?" मी विचारलं. "ते काय मी मोजायला गेलो नव्हतो, पण एक गेलं." आत्याची दहाच्या दहा बोटं मी रोज जेवताना बघते. टायरवाल्याची गोष्ट सगळ्यात झकास आहे. मशीनचा घर्रर्र आवाज आला की म्हणे तिला चक्कर येते, तोंडावर पाणी मारावं लागतं, आणि ते पाणी मारायचं काम त्याच्याकडे आहे.

सगळं साफ खोटं. खरं काय ते आठ वर्षांपूर्वी घडलं.

आत्या गाड्यांची सीट कव्हरं शिवते. त्या दिवशी ती एका गाडीच्या मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून, डोकं खाली घालून, नवंकोरं कव्हर सीटच्या मागे ओढून बसवत होती. साईच्या रंगाचं कव्हर, कडेने लाल पायपिंग, चार दिवसांची मेहनत. त्याच वेळी डिकीच्या बाजूने ड्रिलदादा वूफरचा डबा सीटच्या पाठीला स्क्रूने ठोकत होता. ड्रिलदादा म्हणजे दुकानाचा फिटर. त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, "एक मिनिटाचं काम." ते म्हणत त्याने मशीन दाबली. ती पत्र्यातून गेली, फोममधून गेली, कव्हरातून गेली आणि आत्याच्या खांद्याशेजारी बाहेर आली. आत्याच्या गळ्यात मापाची टेप होती. ती टेप त्या फिरत्या टोकावर गुंडाळली गेली, साठच्या साठ इंच, एका दमात.

आत्याला चक्कर आली नाही. ती गाडीतून उतरली, भिंतीपाशी गेली, प्लग उपटला, वायर कोपरावर नीट गुंडाळली आणि मशीन शेठच्या काउंटरवर नेऊन ठेवली. म्हणाली, "मी शिवलेल्या गाडीत आजपासून भोक पडणार नाही." चक्कर आली ती ड्रिलदादाला. म्हणजे टायरवाल्याच्या गोष्टीतलं पाणी खरं आहे, फक्त चेहरा चुकला.

तेव्हा ती भीती नव्हे, बंदी आहे. आठ वर्षं ती बंदी तिने शेठच्या नाकावर टिच्चून चालवली.

शेठचं दुकान गाड्या सजवण्याचं. पुढे काचेचा काउंटर, त्यात गिअरच्या मुठी आणि सुगंधाच्या डब्या. मागे डाव्या हाताला, दोन खांबांच्या मधे, आत्याचा कोपरा: जाड कापडाची शिलाई मशीन, कापायचं टेबल, उभे केलेले रेक्झिनचे रोल. माझा क्लास याच गल्लीच्या तोंडाशी सुटतो आणि घरी आत्याच्या स्कूटरवर जायचं असतं, म्हणून रोज तासभर मी फोमच्या थप्पीवर बसलेली असते. आत्या मला पोपट म्हणते. तिथे बसून मला सगळ्यांचे आवाज पाठ झालेत. शेठचा सगळ्यात सोपा. वाक्य कुठेही तोडायचं आणि "कळतंय का" लावायचं.

"ताई, धंदा आहे, कळतंय का? गिऱ्हाईक म्हणालं भोक पाडा, पाडायचं. उद्या म्हणालं छप्पर काढा, काढायचं, कळतंय का?"

"छप्पर काढा शेठ, खुशाल काढा. माझ्या सीटला हात लावू नका."

आत्याचा आवाज काढणं जरा अवघड. दिवसभर तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे ओठ मिटत नाहीत. ओठ मिटले नाहीत तर 'भोक' म्हणता येत नाही. ती 'होक' म्हणते. "होक हाडायचं नाही." पण समोरच्याला बरोब्बर कळतं.

तर सोमवारी दुकानात एक आजोबा आले. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघतील.

"माझे दोन्ही कान निकामी आहेत, याची नोंद घ्यावी!" त्यांनी सुरुवातच अशी केली. "परंतु पाठ शाबूत आहे! गाण्याचा ठेका मला पाठीने ऐकायचा आहे! त्यासाठी डिकीत मोठा वूफर हवा!"

शेठचा चेहरा फुलला. ते आजोबांच्या कानाशी ओरडले, "आहे ना काका, बारा इंची, चोवीस किलो, दात हलतील, कळतंय का?"

"दात काढून ठेवता येतात! त्याची काळजी नको!" मग आजोबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गाडी त्यांची नव्हती, लेकीची होती. लेकीने अटी लिहून दिल्या होत्या. त्या त्यांनी आरोपपत्र वाचावं तशा वाचल्या. "एक. गाडीस कोठेही भोक पाडू नये. दोन. पाडल्यास चावी परत. तीन. या विषयावर चर्चा नाही."

ड्रिलदादा हात पुसत पुढे आला. "काका, चार तर स्क्रू. एक मिनिटाचं काम. कार्पेटखाली लपून जातात, मुलीला कळणार पण नाही."

हेही त्याला कानाशी ओरडून सांगावं लागलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तिला कळतं! माझीच मुलगी आहे ती!"

शेठनी दोन्ही हात वर केले. भोक नाही तर वूफर नाही. चोवीस किलोचा डबा मोकळा ठेवला आणि गाडीने जोरात ब्रेक मारला, तर डबा सीटवर येऊन आदळणार. आजोबा कागदाची घडी घालायला लागले. एक एक घडी इतकी सावकाश घालत होते की बघवेना.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "ही हसहते."

म्हणजे, मी बसवते.

शेठ वळले. "तुम्ही? ताई, तो वूफर आहे, उशी नाही, कळतंय का?"

आत्याने टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. तिने टाचण्या काढल्या की समजावं, आता स्पष्ट बोलणार आहे. "बसवते म्हटलं ना. एकही भोक न पाडता. आणि हलणार नाही."

"हलला तर?"

"तुम्ही सांगा."

शेठना हेच हवं होतं. वर्षभर त्यांचा त्या कोपऱ्यावर डोळा होता. तिथे त्यांना रंगीत लाइटींची भिंत करायची होती. "हलला तर हा कोपरा रिकामा करायचा. मशीन उचला आणि घरी शिवा, कळतंय का? नाही हलला तर ताईंनी शिवलेल्या गाडीत भोक नाही, कायमचं. मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगेन. शनिवारपर्यंत वेळ."

"शनिवार कशाला? शुक्रवार म्हणा."

घरी शिवा म्हणणं सोपं आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, जिना इतका अरुंद की गादी आणताना ती मधेच अडकली होती. मशीन एक वेळ चढेल. गाडी कशी चढणार? सीट कव्हर हे गाडीवर बेतून शिवतात, फोटो बघून नाही. कोपरा गेला की चौदा वर्षांचं काम गेलं.

स्कूटरवर मी तिला म्हटलं, "एक दिवस तरी जास्त घ्यायचा होतास."

"त्यांनी दिला म्हणून घेऊ? पोपटा, गप बस आणि नीट धर."

पहिला उपाय तिने बुधवारी केला आणि तो दिसायला इतका सुंदर होता की ड्रिलदादासुद्धा बघत राहिला. तिने डब्याचा कागदी फर्मा काढला आणि काळ्या कापडाचा घट्ट मोजा शिवला, तळाला वेल्क्रोच्या खरखरीत पट्ट्या, हातभर लांब, सहा रांगा. डिकीतलं कार्पेट लवदार असतं. त्यावर वेल्क्रो अशी काही बसली की आम्ही दोघींनी मिळून डबा ओढला तरी सुटेना.

"चड्डी छान शिवलीत ताई," ड्रिलदादा म्हणाला. "आता ही धुवायला टाकली की डब्याने काय घालायचं?"

"तुमच्या मापाचं उरलंय कापड. शिवू?"

ड्रिलदादाने आजोबांची गाडी बाहेर काढली, वीस पावलं नेली आणि ब्रेक मारला. एकच. आतून धप्प असा आवाज आला.

डिकी उघडली. डब्याने कार्पेटला धरून ठेवलं होतं, शाळेच्या पहिल्या दिवशी पोर आईला धरतं तसं. फक्त आईच घसरली होती. सगळं कार्पेट गोळा होऊन डब्यासकट सीटला जाऊन चिकटलं होतं.

कारण डिकीतलं कार्पेट कशालाच चिकटवलेलं नसतं. नुसतं अंथरलेलं असतं, खालची स्टेपनी काढता यावी म्हणून. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण आत्याच्या कामात कापड म्हटलं की ते आधीच कशाला तरी ताणून बांधलेलं. सैल कापडावर कोणी भरवसा ठेवतं का? ती चूक सीट शिवणाऱ्या माणसाकडूनच व्हायची.

ड्रिलदादा बोनेटवर हात आपटून हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी आत जाऊन पावलांनी कोपरा मोजला. "पाच पावलं," ते स्वतःशी म्हणाले.

"साडेपाच आहेत," आत्या म्हणाली. "घाई काय, शुक्रवारी मोजा."

पण घरी जेवताना तिने भाकरीचे नुसतेच तुकडे केले. मी तिला हसवायला ड्रिलदादाची चाल चालून दाखवली, शेठचं हात वर करणं करून दाखवलं. ती म्हणाली, "डब्याला काय धरून ठेवलं, ते महत्त्वाचं नाही. त्या धरणाऱ्याला कोणी धरलंय?" आणि ताटात बोटाने चौकोन काढत बसली.

गुरुवारी तिने डिकी रिकामी केली. कार्पेट काढलं, खालची फळी काढली, स्टेपनी काढली, आणि स्वतः आत जाऊन बसली. पाय बाहेर, हातात बॅटरी. येणारे जाणारे विचारायचे, "ताई, पंक्चर झालात का?" ती आत बॅटरी फिरवत राहायची. मग एकदम तिचा आवाज आला, आणि तोंडात टाचण्या नव्हत्या.

"दादा, हे काय आहे?"

डिकीच्या चार कोपऱ्यांत चार लोखंडी कड्या होत्या. धुळीने भरलेल्या, पत्र्याला बोल्टने पक्क्या बसवलेल्या. सामान बांधता यावं म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या.

"त्या होय?" ड्रिलदादा म्हणाला. "असतात बऱ्याच गाड्यांत. मी त्यांना मशीनची वायर अडकवतो, पायात येऊ नये म्हणून."

आत्या डिकीतून बाहेर आली. "अठरा वर्षं तुम्ही या कड्यांना वायर अडकवून बाजूला भोकं पाडताय?"

ड्रिलदादाने कानाची पाळी चोळली.

मग कामाला जोर आला. तिला हवी होती सीट बेल्टची पट्टी. ड्रिलदादाने, काहीसं ओशाळून, भंगारातल्या गाडीचे जुने बेल्ट आणून दिले. तिने ते परत केले. "ज्याने एकदा आपटी झेललीय तो बेल्ट परत कामाला लावायचा नाही. नवा रोल आणा." त्या पट्टीचे चार लांब तुकडे कापून तिने मोज्याला शिवले, डब्याच्या माथ्यावरून घेऊन, म्हणजे ओढ कापडावर न येता डब्यावर यावी. प्रत्येक जोडावर चौकोनी टाका आणि चौकोनात फुली, सीट बेल्टला कंपनीत घालतात तशी. पट्टी, कापड, पुन्हा पट्टी, अशा जाडीवर सुई टिकेना. कट्ट. दुसरी, कट्ट. तिसरी तुटली तेव्हा तिने मोटर बंद केली आणि मशीनचं चाक हाताने फिरवत एक एक टाका घातला. प्रत्येक टाक्याला ती नाकाने "हं" करायची. मी मोजले नाहीत, पण त्या "हं"वर झोप येऊ शकते.

प्रत्येक पट्टीच्या टोकाला कडीत अडकायचा आकडा, मधे ओढून घट्ट करायचं बक्कल, आणि बक्कल वाजू नये म्हणून त्याला फोमची टोपी. कार्पेटखाली जाळीदार रबर, भांडी घसरू नयेत म्हणून ओट्यावर अंथरतात तसलं. चारही पट्ट्या तिरक्या, चार कोपऱ्यांकडे, खाली ओढणाऱ्या. शेवटी बक्कल ओढताना ती पाय गाडीला लावून मागे रेलली, आणि तिने पट्टीवर टिचकी मारली. टण्ण वाजली.

मी तरीही म्हटलं, "दोन बोटं तरी सरकणार."

का म्हटलं? बुधवारचं ते धप्प माझ्या कानात होतं. आणि खरं सांगायचं तर, ती इतकी ठाम असली की कोणालाही तिला डिवचावंसं वाटतं.

"लावतेस पैज?" ती म्हणाली. "सरकला तर महिनाभर तुझं कपाट मी आवरीन."

"आणि नाही सरकला तर?"

तिने हनुवटीने कोपऱ्यातल्या ढिगाकडे दाखवलं. कुठल्या तरी जुन्या जीपची कव्हरं, आठ. फर्मा काढायला ती टाका टाका करून उसवायची होती, आणि त्यांना कुत्र्याचा वास येत होता.

"लावली," मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी शेठ म्हणाले, गाडी मी चालवणार, म्हणजे कोणी दया दाखवायला नको. ड्रिलदादाने खडूने डब्याभोवती कार्पेटवर आणि कार्पेटभोवती पत्र्यावर रेघ आखली. आजोबा पुढे बसले, मागे आत्या, मी आणि ड्रिलदादा. रस्ता ठरला होता: पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि यायचं, एकूण नऊ स्पीडब्रेकर.

शेठनी त्यातल्या एकापुढेही वेग कमी केला नाही. पहिल्यावर माझं डोकं छताला लागलं. तिसऱ्यावर ड्रिलदादा म्हणाला, "शेठ, गाडी गिऱ्हाइकाची आहे हो!" टाकीजवळ मोकळा रस्ता होता. तिथे शेठनी गाडी पळवली आणि उभ्याने ब्रेक दाबला. आजोबांचा चष्मा डॅशबोर्डवर गेला. ड्रिलदादाचं नाक पुढच्या सीटवर गेलं. मागून काहीही आवाज आला नाही. मग शेठनी उलटी गाडी पळवून पुन्हा ब्रेक मारला. काही नाही.

"आता गाणं लावा," आत्या म्हणाली.

शेठनी लावलं. ठेका सुरू झाला तसं सीट आतून धडधडायला लागली. आजोबा ताठ झाले. डोळे मिटले. मांडीवरची बोटं आधी अडखळली, मग ठेक्यात पडली, बरोबर समेवर. सहा वर्षांत पहिल्यांदा, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मात्र ते एवढंच म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, "पोचलं."

तेवढ्यात टर्रर्र असा आवाज आला. शेठचे डोळे आरशात चमकले. "वाजतंय! काहीतरी सुटलंय, कळतंय का?"

मी मनातल्या मनात कपाट आवरून घेतलं. आत्याने मान तिरकी केली. दारावर हात ठेवला, टर्रर्र. सीटवर ठेवला, टर्रर्र. मग पुढे वाकून तिने शेठच्या शर्टाच्या खिशावर हात दाबला. आवाज बंद. खिशात सुटी नाणी होती.

"हे बांधून देऊ का?" तिने विचारलं.

दुकानासमोर डिकी उघडली. ड्रिलदादा पट्टी घेऊन वाकला, एक डोळा मिटून त्याने चारही बाजू पाहिल्या. खडूच्या दोन्ही रेघा जिथल्या तिथे होत्या, केसाइतकीही फट नव्हती. त्याने डब्याला पायाने ढकलून पाहिलं आणि मग बराच वेळ अंगठा धरून उभा राहिला. म्हणाला, "हे एक मिनिटाचं काम नाही."

शेठ खिशातली नाणी चाचपत म्हणाले, "ठीक आहे. राहा मग, कळतंय का."

"राहा नाही शेठ. ठरलं होतं ते बोला. गिऱ्हाइकाला सांगणार होतात."

शेठ आजोबांकडे वळून पुटपुटले.

"काय?" आजोबा म्हणाले.

"मोठ्याने सांगा शेठ, त्यांना ऐकू येत नाही."

"ताईंनी शिवलेल्या गाडीत भोक पाडणार नाही."

"काय?"

"ताईंनी शिवलेल्या गाडीत या दुकानात भोक पाडणार नाही!" शेठ असे ओरडले की बॅटरीवाला बाहेर आला, फिल्मवाला बाहेर आला, टायरवाला जॅक हातात घेऊन आला. आजोबांनी कानामागे हात धरला. शेठना तिसऱ्यांदा ओरडावं लागलं, आणि या वेळी शेवटी "कळतंय का" लावायला श्वास उरला नव्हता.

"कायमचं, हेही घाला!" आजोबा म्हणाले.

"कायमचं!"

"नोंद झाली!" म्हणत आजोबांनी खिशातलं पेन काढलं आणि लेकीच्या कागदाच्या मागे खरंच तारीख घालून ते लिहून घेतलं.

आत्या तोवर आत जाऊन मशीनपाशी बसलीसुद्धा होती. शेठच्या लाइटींचं खोकं कोणीतरी तिच्या टेबलावर आणून ठेवलं होतं, ते तिने उचलून काउंटरवर नेऊन ठेवलं. मग तिने छोटी कात्री माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "घरातली पैज आहे ना आत्या. अर्धी सोड."

"शेठना सोडलं नाही. तुला सोडू?"

आठ कव्हरं आहेत. एकेकाला अकरा शिवणी, त्यातल्या सहा दुहेरी, आणि तिची अट अशी की कापड फाटता कामा नये. आत्तापर्यंत अडीच झालीत. वास अजून गेलेला नाही.